एसीच्या फ्लॅटमध्ये पोथ्यांना बुरशी, जुन्या घरात नव्वद वर्षं काही नाही. असं का?

घोडबंदर_पाहुणी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं नौपाड्यातलं कौलारू घर रीडेव्हलपमेंटला गेलंय आणि गेल्या डिसेंबरपासून आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत, चौदावा मजला. माझे पणजोबा कीर्तनकार. त्यांचं म्हणून घरात जे राहिलंय ते म्हणजे सदतीस पोथ्या (सुटी पानं, वर-खाली लाकडी पाट्या, लाल बासनात बांधलेल्या), दोन ट्रंका भरून दिवाळी अंक आणि जुनी मासिकं, थोडे फोटो आणि त्यांची वीणा. जुन्या घरात पोथ्या माजघरातल्या सागवानी कपाटात असायच्या. तिथे पावसाळ्यात पापड सादळायचे, मीठ पाणी सोडायचं, काडेपेटी पेटायची नाही, पण पोथ्यांना नव्वद वर्षांत काही झालं नाही असं आई छातीठोकपणे सांगते.

आणि आता आषाढी एकादशीला वाचायला म्हणून एक पोथी काढली, बासनाची गाठ सोडली तर भप्पकन कुबट वास. पानांच्या कडांना राखाडी-हिरवे मऊ ठिपके, बोट लावलं की बोटाला पावडर, आणि खालच्या पाटीवर कापसासारखं पांढरं. मग सगळ्याच काढल्या. गंमत (गंमत कसली) म्हणजे कपाटात मागच्या रांगेत होत्या त्या अकराच्या अकरा खराब, पुढच्या रांगेतल्या जवळपास स्वच्छ.

कपाट नवीन आहे, एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या), लहान खोलीत ठेवलंय, त्या खोलीत एसी नाही. एसी शेजारी आई-बाबांच्या बेडरूममध्ये, बाबा रात्री २० वर लावून झोपतात, सकाळी सहाला बंद. वीणा त्यांच्याच खोलीत भिंतीवर आहे आणि तिचा भोपळ्याजवळचा सांधा मे महिन्यात सुटलाय. आई म्हणते हे घरच अपशकुनी आहे. मला कारण कळलं तर बरं होईल.

डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं मशीन) घेऊ का? एअर प्युरिफायर? बाहेर खोदकामाची धूळ पण प्रचंड आहे. बजेट वीस हजारपर्यंत. आणि ती बुरशी काढायची कशी?

वागळे_बॉय
डीह्युमिडिफायर घ्या, दार बंद करा, विषय संपला. आमच्याकडे कॅमेऱ्याच्या लेन्स आहेत, तीन पावसाळे गेले, एक ठिपका नाही.

नेरूळची_आजी
अगं बाळा, वेखंडाची पूड घाल आणि दोन-दोन डांबरगोळ्या प्रत्येक बासनात. आमच्याकडे सासूबाई दसऱ्याला पूजा झाली की सगळ्या पोथ्या उन्हात घालायच्या, पाऊस नुकता संपलेला असतो ना, मग वर्षभर बघायला नको. आम्ही नेरूळला चाळीस वर्षं आहोत, खाडीचा वारा सरळ घरात, तरी काही नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पोथ्या वाचल्या जात नाहीत म्हणून त्यांना असं होतं.

ऐरोली_सेक्टर_आठ
मी पंचवीस वर्षं एसीच्या लाइनमध्ये आहे त्यामुळे थोडं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

लोकांचा एक समज असतो की एसी लावला म्हणजे हवा कोरडी. अर्धं खरं आहे. गार कॉइलवर हवेतलं पाणी सुटतं आणि पाइपातून बाहेर ठिबकतं, तेवढी त्या खोलीची हवा कोरडी होते, ते पण कॉम्प्रेसर चालू आहे तोवर. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल तर दहा मिनिटांत खोली गार, कॉम्प्रेसर बंद, पंखा मात्र फिरतोय आणि कॉइलवरचं पाणी परत खोलीतच उडतंय. सकाळी सहाला एसी बंद केला की भिंती, फरशी, गादी सगळं गार, आणि दार उघडल्याबरोबर ठाण्याची जुलैची हवा आत. ३० डिग्रीची हवा ८० टक्के दमट असेल तर साधारण २६ डिग्रीच्या कुठल्याही वस्तूवर तिला पाणी सुटतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसंच. तुमच्या बाबांची खोली २० ला आहे.

पण पोथ्या त्या खोलीत नाहीयेत म्हणता, मग मला एक सांगा, ते कपाट नेमक्या कुठल्या भिंतीला टेकलंय? बाहेरच्या की बेडरूमच्या? आणि मशीन घ्यायच्या आधी दोन ह्युमिडिटी मीटर घ्या, चार-पाचशेला मिळतो एक. न मोजता आमच्याकडे सुद्धा लोक टनाचे एसी दोन टनाचे करून घेतात आणि मग गळतंय म्हणून फोन करतात.

जुनी_पानं
मी हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते, नोकरीचं ठिकाण सांगत नाही. आधी घाईचं ते.

त्या अकरा पोथ्या आत्ताच्या आत्ता बाकीच्यांपासून वेगळ्या करा. उन्हात घालू नका (आजी, रागावू नका, सांगते), ओल्या फडक्याने पुसू नका, डेटॉल, स्पिरिट, ब्लीच काही नाही. कोरड्या खोलीत, पंख्याच्या थेट झोतात नाही पण हवा खेळेल अशा जागी, जुन्या धुतलेल्या पंचावर पोथी सैल करून पसरा. बुरशी आधी सुकू द्या. ओली असताना घासलीत तर कागदात रुतते, सुकली की पावडरसारखी उडते. मग एन-९५ मास्क, हातमोजे, मऊ रुंद ब्रश, आणि पानाच्या मधून कडेकडे, स्वतःपासून लांब, बाल्कनीत वाऱ्याच्या दिशेने. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये, अजिबात नाही. बासनं गरम पाण्यात धुवा, कडक वाळवा, मगच परत बांधा. जी पानं एकमेकांना चिकटली असतील ती उघडू नका, सुरी बिरी घालू नका, ती जाणकाराकडे न्या.

आता डांबरगोळ्या. आजी, त्याने कसर जरा लांब राहते, पण बुरशीला काही होत नाही, आणि तो वास माणसाच्या फुप्फुसाला वाईट, शिवाय पोथीत वर्षानुवर्षं राहतो. वेखंड चालेल, फार जुना रिवाज आहे, पण मलमलच्या पुरचुंडीत, पानांवर भुरभुरून नाही. आणि हो, सासूबाईंचं दसऱ्याचं वेळापत्रक मला एकदम पटतं, फक्त ऊन नको, सावली हवी. उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. ऑक्टोबरनंतर दुपारी बारा ते चार खिडकी उघडून सावलीत तासभर, ते उत्तम.

मीटर आणलात की त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एका बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, मीटरला मीठ लागू देऊ नका. सकाळी ७५ दाखवायला हवा. ७९ दाखवला तर चार वजा करून वाचायचं. एवढं सोपं आहे आणि कोणी करत नाही.

दमटपणाचा आकडा किती हवा, तर ६५ टक्क्यांच्या खाली राहिलात तर बुरशीची भीती जवळजवळ नाही. ७० च्या आसपास बुरशी यायला महिने लागतात, ९० च्या वर गेलं की चार-सहा दिवस पुरतात.

वीणेबद्दल वेगळं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, भोपळा आणि दांडी सारखी आकसत नाहीत, मग सांध्यावर ताण येतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं दुसऱ्या महायुद्धात वेल्समधल्या मॅनॉडच्या स्लेटच्या खाणीत नेऊन ठेवली होती, १९४१ ची गोष्ट. आत वर्षभर साधारण १७ डिग्री आणि ४२ टक्के, हलत नाही असं. लंडनला असताना रंगाचे पोपडे निघायचे म्हणून दुरुस्तीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची, खाणीत ते जवळजवळ थांबलं, आणि युद्ध संपल्यावर चित्रं परत आली तसे पोपडे पुन्हा सुरू. तिथून मग म्युझियमवाल्यांनी ५० टक्के, पाच इकडे पाच तिकडे, हा आकडा इतका डोक्यात घेतला की जगभर तोच पाठ झाला. आता मोठी म्युझियम्स सुद्धा ४० ते ६० चालतं म्हणतात, विजेची बिलं बघून. तुमची वीणा शंभर वर्षं ठाण्याच्या ७०-७५ ला मुरलेली आहे. तिला मे महिन्यात रात्रभर एसीत ४५ वर आणलंत आणि पावसाळ्यात रोज वर-खाली, तर सांधा सुटणारच. तिला पोथ्यांसारखं कोरडं करायला जाऊ नका, फक्त एसीच्या खोलीतून बाहेर काढा.

डिजिटल_ठाणेकर
एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा सरळ स्कॅन करून टाका ना. फोनवर ॲप आहे, एका रविवारी सदतीस पोथ्या होतील. मजकूर वाचला की झालं.

जुनी_पानं
स्कॅन जरूर करा, मीच सांगणार होते. पण एका रविवारी सदतीस पोथ्या म्हणजे तुम्ही पोथी कधी हातात घेतलेली नाहीये. एका पोथीत दोन-दोनशे पानं असतात आणि कडेला कोणीतरी बारीक अक्षरात चाली लिहिलेल्या असतात, त्या फोटोत येतात पण कुठली शाई, कुठला हात, कुठला कागद ते येत नाही.

डिजिटल_ठाणेकर
ओके ताई 🙏

घोडबंदर_पाहुणी
सगळ्यांचे आभार. अपडेट द्यायला दहा दिवस लागले कारण दोन मीटर मागवले आणि मिठाच्या डब्यात एक ७९ दाखवायला लागला, दुसरा ७४. म्हणजे एक चार जास्त आणि एक एक कमी. हे आधी माहीत नसतं तर मी दोन खोल्यांमध्ये पाच टक्क्यांचा फरक आहे म्हणून डोकं फोडून घेतलं असतं. खालचे आकडे सगळे दुरुस्त केलेले आहेत.

लहान खोलीत मधोमध, पहाटे पाचला: २९.५ डिग्री, ७९ टक्के. कपाटात पुढच्या रांगेत: २८.८ डिग्री, ८२. कपाटात मागच्या कोपऱ्यात: २६.५ डिग्री, ९४.

मी तो ९४ बघून मीटर हलवून बघितला, बॅटरी काढून घातली, परत ९४. आणि ऐरोलीवाले काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कपाट बेडरूमच्याच भिंतीला टेकलंय. एकदम चिकटून, मागे बोट जात नाही. आणि पलीकडच्या बाजूला, बरोबर त्याच भिंतीवर, एसीचा झोत जातो. काल रात्री कपाट थोडं ओढून मागे हात लावला तर भिंत माठासारखी गार, आणि कपाटाच्या मागच्या पातळ पत्र्याला (पत्रा नाही, ती प्लायची शीट असते ना ती) हाताला लागेल इतकी ओल.

ऐरोली_सेक्टर_आठ
बस, सापडलं की. तुमच्या आकड्यांवरूनच बघा, खोलीतल्या हवेत पाणी तेवढंच आहे, पुढे मागे कुठेही. फक्त मागचा कोपरा तीन डिग्रीने गार आहे म्हणून तिथे ७९ चे ९४ झालेत. बाबांच्या एसीने रात्रभर भिंत गार केली, पलीकडच्या खोलीत एसी नसल्यामुळे हवा दमट, ती कपाटाच्या मागे जाऊन बसली आणि तिथे वारा खेळायला जागा नाही. रोज रात्री सात-आठ तास. आजचे फ्लॅट असे असतात, आतल्या भिंती चार इंची, त्यातून गारवा आरपार जातो. तुमच्या नौपाड्याच्या घरात गार भिंतच नव्हती, एसीच नव्हता तर गारवा येणार कुठून. सगळं घर एकसारखं दमट, पण एकसारखं.

एसी २० वरून २५ ला आणा आणि पंखा लावा. वीजबिलात पण फरक दिसेल.

घोडबंदर_पाहुणी
बाबा २५ ऐकून म्हणाले मग एसी घेतला कशाला.

जुनी_पानं
जुन्या घराबद्दल एक भर. चुन्याचा गिलावा, सागवान, सुती बासन, आणि पोथीचा जाडजूड गठ्ठा स्वतः, हे सगळे ओल पितात आणि सोडतात. कागदात कोरड्या दिसला तरी वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतंच. बाहेर दिवसात वीस टक्के वर-खाली झालं तरी बासनाच्या आत ते पोचेपर्यंत आठवडे जातात. नव्या फ्लॅटमध्ये ऑइल पेंट, व्हिट्रिफाइड टाइल्स, लॅमिनेट, कोणीच पाणी पीत नाही, मग पिणारा एकच उरतो, तुमची पोथी.

आणि ते एमडीएफचं कपाट. नवीन असताना त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिडची वाफ निघत राहते, दार उघडल्यावर डोळ्यांत चुरचुरतं ना तेच. म्युझियममध्ये शोकेसचं सामान निवडताना एक चाचणी असते, ब्रिटिश म्युझियममधल्या ऑडी नावाच्या माणसाने १९७३ मध्ये मांडलेली. चांदी, तांबं आणि शिसं यांच्या छोट्या पट्ट्या त्या सामानाच्या तुकड्यासोबत बंद बाटलीत, ६० डिग्रीला, २८ दिवस. पट्टी काळी-पांढरी पडली की सामान बाद. एमडीएफचा निकाल मी तुम्हाला आत्ताच सांगते. जुनं सागवानी कपाट कुठे आहे? विकलं नाही ना? सागवानातून सुद्धा वाफ निघते म्हणा, पण नव्वद वर्षांत निघायची ती निघून गेली. नसेल तर रंग मारलेलं लोखंडी कपाट, आत न रंगवलेला जाड सुती कापडाचा थर.

दिवाळी अंकांची जास्त काळजी करा, खरं सांगायचं तर. पोथ्यांचा हातकागद चिंध्यांचा असतो, तो टिकतो. मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच आंबट होत जातो आणि पिवळा पडून तुटतो. त्याला थंडावा आवडतो. पाच डिग्री कमी केले की आयुष्य साधारण दुप्पट. म्हणून ट्रंका पश्चिमेच्या भिंतीला, तापणाऱ्या जागी नकोत.

कोपरखैरणे_किरण
मधेच घुसतो. प्युरिफायरचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे बायकोची आजीची खरी जरीची पैठणी काळी पडायला लागली आहे, प्युरिफायर चोवीस तास चालू आहे, पीएम २.५ (हवेतली बारीक धूळ) आठ-दहा दाखवतो. मग?

ऐरोली_सेक्टर_आठ
प्युरिफायरची हेपा जाळी धूळ पकडते, वायू नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड. चांदी काळी करतो, आणि आमच्याकडे एसीच्या तांब्याच्या नळ्या सुद्धा खातो, ऐरोली-कोपरखैरणेला कॉइल किती वेळा बदलाव्या लागतात ते मला विचारा. खऱ्या जरीत चांदीच असते. वायूसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लागतो, तो पातळ काळा कागद नाही, दाणेदार जाड थर, आणि तो भरला की बदलावा लागतो. सोपं म्हणजे पैठणी मलमलमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि आयोनायझरचं बटण असेल तर बंद करा, काही मशीन त्यात ओझोन सोडतात, माणसाला पण वाईट आणि रंगाला पण.

जुनी_पानं
आणि देवघर! देवघरात पोथी ठेवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, रोजचं निरांजन, उदबत्ती, धूप याची काजळी पोथीवर बसते, ती तेलकट असते आणि निघत नाही. खोदकामाची धूळ त्यापुढे परवडली, ती ब्रशने जाते.

नेरूळची_आजी
तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्या एवं वदति पुस्तिका॥ आमच्या पोथीच्या शेवटच्या पानावर आहे. तेल, पाणी, सैल गाठ आणि मूर्ख माणूस, यांपासून वाचवा. डांबरगोळ्या मी काढल्या गं आज सगळ्या. घरभर वास आहे.

घोडबंदर_पाहुणी
आजी, आमच्याकडे पण आहे तो! ब्रश करताना सापडला, आणि बरोब्बर "जलात्" वर हिरवा ठिपका.

शेवटचा अपडेट देते. सागवानी कपाट काकांच्या डोंबिवलीच्या घरी गॅलरीत पडलेलं होतं, त्यात त्यांनी कुंड्यांची माती ठेवली होती. टेम्पो करून आणलं, पुसलं, पंधरा दिवस उघडं ठेवलं. आता ते लहान खोलीत समोरच्या आतल्या भिंतीला आहे, मागे वीतभर जागा सोडून. डीह्युमिडिफायर घेतलाच शेवटी (वागळे बॉय, जिंकलात), ६० वर लावलाय, खोलीचं दार बंद. पहिले काही दिवस रोज चार-पाच लिटर पाणी, आई ते बादलीत ओतताना दरवेळी "हे सगळं हवेत होतं?" म्हणते. खोली मात्र ३२ डिग्री झालीये, मशीनची गरमी. खोलीचा आकडा दुसऱ्या दिवशी ६२ वर आला पण कपाटातला उतरायला आठ दिवस लागले, आज ६४ आहे.

वीणा हॉलमध्ये आणली, सांधा मिरजेच्या एका कारागिराला दाखवायचा आहे. बाबांचा एसी २४ वर तह झालाय.

अकरा पोथ्यांपैकी दहा ब्रश करून झाल्या. अकराव्या पोथीची चार पानं चिकटली आहेत, ती तशीच पाट्यांमध्ये ठेवलीयेत, बाबांना पण हात लावू दिलेला नाही.